एसक्यूएलअल्केमीतली वाचण्यापुरती रिलेशनशिप: या चुका टाळा

लिस्टमध्ये ऑब्जेक्ट टाकला, कमिट झालं, एरर आली नाही, आणि टेबलात मात्र ओळच नाही. एसक्यूएलअल्केमी (पायथनमधून डेटाबेस हाताळायची लायब्ररी) वापरणाऱ्याकडून अशी तक्रार आली की मी सगळ्यात आधी मॉडेलमध्ये, म्हणजे टेबलाचं वर्णन करणाऱ्या क्लासमध्ये, कुठल्या रिलेशनशिपवर 'व्ह्यूओन्ली=ट्रू' आहे का ते शोधतो. रिलेशनशिप म्हणजे एका टेबलाच्या ऑब्जेक्टवरून दुसऱ्या टेबलाचे ऑब्जेक्ट मिळवून देणारं अॅट्रिब्यूट. इंजिनला (डेटाबेसशी जोडणी सांभाळणाऱ्या भागाला) 'एको=ट्रू' देऊन लॉग बघितला तर शंका लगेच फिटते: ओळ घालणारा इन्सर्ट निघालेलाच नसतो.

व्ह्यूओन्ली म्हणजे कुलूप नव्हे, हे आधी पक्कं करून घ्या. ती रिलेशनशिप डेटा लोड करायला वापरली जाते आणि फ्लशच्या वेळी, म्हणजे साठलेले बदल डेटाबेसला पाठवताना, सेशन (त्या बदलांची नोंद ठेवणारा ऑब्जेक्ट) तिच्याकडे बघत नाही, एवढंच त्यातून ठरतं. पायथनच्या लिस्टमध्ये अपेंड करायला कोणी अडवत नाही.

एका शिकवणीच्या क्लासचं सॉफ्टवेअर घ्या. विद्यार्थी, कोर्स आणि मधलं टेबल नोंदणी. नोंदणीत विद्यार्थ्याचा आणि कोर्सचा आयडी मिळून प्रायमरी की (ओळीची एकमेव ओळख), शिवाय फी भरल्याची तारीख. विद्यार्थ्यावर दोन रिलेशनशिप असतात: 'नोंदण्या', आणि नोंदणी टेबल 'सेकंडरी' म्हणून देऊन थेट 'कोर्सेस'. दोन्ही लिहिणाऱ्या ठेवल्या की गोंधळ सुरू. कोणी नोंदणीचा ऑब्जेक्टही बनवतो आणि तोच कोर्स 'कोर्सेस'मध्येही टाकतो. फ्लश एकच ओळ दोनदा घालायला जातो आणि इंटिग्रिटी एरर (डेटाबेसचा नियम मोडल्याची) येते. कोणी फक्त 'कोर्सेस'मध्ये टाकतो, मग ओळ जाते पण फीची तारीख रिकामी राहते.

1.4 आवृत्तीपासून एसक्यूएलअल्केमी याची वॉर्निंग देते: दोन रिलेशनशिप एकाच कॉलममध्ये मूल्य कॉपी करणार आहेत. त्याच वॉर्निंगमध्ये 'ओव्हरलॅप्स' नावाचा पॅरामीटर सुचवलेला असतो, आणि घाईत तोच चिकटवला जातो. तसं करू नका. ओव्हरलॅप्सने वॉर्निंग बंद होते, दोन्हीकडून लिहिणं चालूच राहतं. एका फॉरेन कीमध्ये (दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणाऱ्या कॉलममध्ये) कोण लिहिणार हे ठरवा आणि दुसरीला व्ह्यूओन्ली करा. इथे लिहिणार 'नोंदण्या', वाचायला 'कोर्सेस'.

अपेंड केलं आणि टेस्टही पास झाली

ही चूक सगळ्यात जास्त वेळ खाते, कारण ती लपून राहते. 'कोर्सेस' व्ह्यूओन्ली झाल्यावरही जुन्या कोडमध्ये कुठेतरी त्यात अपेंड उरलेलं असतं. मेमरीतल्या लिस्टमध्ये कोर्स दिसतो, म्हणून कमिटआधी लांबी तपासणारी टेस्ट हिरवी येते. कमिटनंतर सेशन ऑब्जेक्ट एक्स्पायर करतं, म्हणजे त्यातली मूल्यं शिळी ठरवतं (तसा डीफॉल्टच आहे), लिस्ट डेटाबेसमधून पुन्हा लोड होते आणि कोर्स गायब. 'एक्स्पायर_ऑन_कमिट' फॉल्स असेल, जे असिंक कोडमध्ये सर्रास असतं, तर खोटी लिस्ट तो ऑब्जेक्ट हातात असेपर्यंत तशीच दिसत राहते.

उलट बाजूही लक्षात ठेवा. 'नोंदण्या'मध्ये बरोबर भर घातली तरी आधी लोड झालेली 'कोर्सेस' आपोआप बदलत नाही. 'बॅक_पॉप्युलेट्स' (दोन रिलेशनशिप एकमेकींच्या उलट बाजू म्हणून जोडणारा पॅरामीटर) लावूनही नाही: 1.4 पासून एक बाजू व्ह्यूओन्ली असेल तर बदल कुठल्याच दिशेने पोचत नाहीत, आणि हा ताळमेळ चालू करणारं 'सिंक_बॅकरेफ=ट्रू' जबरदस्तीने दिलं तर सरळ एरर येते. फ्लश करा आणि सेशनच्या रिफ्रेशला ऑब्जेक्टसोबत फक्त त्या अॅट्रिब्यूटचं नाव द्या.

टीम मोठी असेल तर मी आणखी एक पाऊल टाकायला सांगेन. रिलेशनशिपच्या नावाआधी अंडरस्कोअर लावा आणि बाहेर एक प्रॉपर्टी द्या जी टपल परत करते. टपलला अपेंड नसतंच, त्यामुळे चूक करणाऱ्याला त्याच ओळीवर अॅट्रिब्यूट एरर मिळते. चार ओळींचं काम आहे, पण त्या शांत चुकीचा आवाज होतो.

फिल्टर लावलेली रिलेशनशिप

'चालू नोंदण्या' अशी रिलेशनशिप, जिच्या 'प्रायमरीजॉइन'मध्ये (दोन टेबलं कशी जोडायची ते सांगणाऱ्या पॅरामीटरमध्ये) स्टेटसची अट आहे, ती व्ह्यूओन्लीच हवी. अट फक्त लोड करताना लागते. लिहिती ठेवली तर रद्द झालेली नोंदणीही तिच्यात बिनदिक्कत टाकता येते.

तिच्यातून मिळालेले ऑब्जेक्ट मात्र नेहमीसारखेच असतात. त्यातल्या एखाद्या नोंदणीची तारीख बदलली तर पुढच्या फ्लशला अपडेट जाणारच. डेटाच बदलू नये असं हवं असेल तर डेटाबेस युजरचे अधिकार कमी करा. रिलेशनशिपकडून ते होणार नाही.

'कॅस्केड'मध्ये (एका ऑब्जेक्टवरची क्रिया जोडलेल्या ऑब्जेक्टवरही नेणाऱ्या पॅरामीटरमध्ये) 'सेव्ह-अपडेट' किंवा 'डिलीट' आणि सोबत व्ह्यूओन्ली ही जोडी 1.4 पासून चालत नाही. 2.0 मधलं 'लेझी=राइट_ओन्ली' हे वेगळंच प्रकरण: ते अवाढव्य कलेक्शन पूर्ण लोड न करता त्यात भर घालण्यासाठी आहे.

सगळंच व्ह्यूओन्ली

वॉर्निंगला कंटाळून दोन टेबलांमधल्या सगळ्याच रिलेशनशिप व्ह्यूओन्ली केलेला कोडही सापडतो. तिथे फॉरेन की भरायला कोणी उरत नाही. ती हाताने भरली तरी एकाच फ्लशमध्ये पालक ओळ (विद्यार्थी) आधी आणि मूल ओळ (नोंदणी) नंतर जाईल याची खात्री राहत नाही, कारण दोन मॅपरमधला (क्लास-टेबल जोड्यांमधला) क्रम सेशन लिहित्या रिलेशनशिपवरूनच ठरवतं. मग फॉरेन कीची एरर कधी येते, कधी येत नाही. विद्यार्थी डिलीट करतानाही तेच: त्याच्या नोंदण्यांचं काय करायचं हे ओआरएमला (एसक्यूएलअल्केमीच्या ऑब्जेक्ट आणि टेबलं जोडणाऱ्या भागाला) माहीतच नसतं, आणि डेटाबेस नकार देतो. किमान एक लिहिती रिलेशनशिप ठेवा. ती नकोच असेल तर फॉरेन कीवर 'ऑन डिलीट कॅस्केड' लावा आणि पालक ओळ घातल्यावर स्वतः फ्लश करून मगच मूल ओळ सेशनमध्ये टाका.