जंतू दोन, जनुक एकच: मिरजेच्या कल्चर टेबलवरून

मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. करून हॉस्पिटलच्या लॅबमध्ये यायचं ज्यांनी ठरवलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी सांगलीची, नोकरी मिरजेत. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. डॉ. वानलेस यांचं मिशन हॉस्पिटल इथं १८९४ मध्ये उभं राहिलं, तेव्हापासून जत, कवठेमहांकाळ आणि सीमेपलीकडच्या अथणीकडचे पेशंट मिरजेची वाट धरत आलेत. त्यातले बरेच जण आधी गावातल्या डॉक्टरांकडे, मग तालुक्याला जाऊन दोन-तीन अँटिबायोटिकं घेऊनच आमच्यापर्यंत पोहोचतात. त्यामुळे आमच्या प्लेटवर उगवणारे जंतू कॉलेजच्या प्रॅक्टिकलमधल्या जंतूंसारखे साधे नसतात.

नोकरीच्या पहिल्या वर्षातली गोष्ट. आयसीयूतल्या एका पेशंटच्या कॅथेटरच्या लघवीत क्लेब्सिएला हा जंतू आला. मॅकॉन्की अगारवर (जंतू वाढवायचं एक माध्यम) मोठ्या, गुलाबी, लूपला (तारेच्या कडीला) चिकटून तार निघणाऱ्या कॉलनी. मेरोपेनेम या राखीव अँटिबायोटिकसकट जवळजवळ सगळ्याला रेझिस्टंट, म्हणजे दाद न देणारा. दहा दिवसांनी त्याच वॉर्डातल्या दुसऱ्या पेशंटच्या ब्लड कल्चरमध्ये ई. कोलाय आला. मी दोन्ही रिपोर्ट नीट तयार केले आणि मोकळी झाले. जंतूच वेगळे, तर एकमेकांशी संबंध काय असणार? आमच्या मॅडमनी दोन्ही प्लेटा शेजारी ठेवायला लावल्या आणि म्हणाल्या, "नावं झाक. नुसते झोन बघ." डिस्कभोवतीचे झोन (औषधाच्या चकतीभोवती जंतू न उगवलेली गोल जागा) दोन्हीकडे जवळजवळ सारखेच होते.

पुस्तकात मी प्लाझ्मिड (एका जंतूतून दुसऱ्यात जाऊ शकणारा डीएनएचा सुटा तुकडा) वाचलं होतं, परीक्षेत आकृतीही काढली होती. पण हॉस्पिटलमध्ये माग जंतूचा काढायचा तसाच जनुकाचाही काढायचा असतो, हे त्या दिवशी कळलं.

हे डोक्यात पक्कं बसायला जपानची गोष्ट उपयोगी पडते. १९५० च्या दशकात तिथं शिगेलाच्या हगवणीचे असे पेशंट येऊ लागले, ज्यांच्यातला जंतू सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि टेट्रासायक्लिन या चारही औषधांना एकदम दाद देत नव्हता. म्यूटेशन (जनुकातला बदल) आपोआप, औषधाची वाट न बघता होतं, हे लुरिया आणि डेलब्र्यूक यांनी १९४३ मध्येच दाखवलं होतं. पण एका औषधासाठीचं म्यूटेशन समजा दहा कोटी पेशींत एकदा होत असेल, तर चारही एकाच पेशीत एकदम व्हायची शक्यता किती? आकडा मांडून बघा, म्हणजे हे म्यूटेशनचं काम नव्हे हे स्वतःलाच पटेल. मग तिथल्या संशोधकांनी रेझिस्टंट आणि सेन्सिटिव्ह जंतू नुसते एकत्र वाढवले, तर चारही गुण एका गठ्ठ्याने दुसऱ्यात गेले. गठ्ठा म्हणजे प्लाझ्मिड. शिगेलाकडून ई. कोलायमध्ये जायलाही त्याला अडचण नव्हती.

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला विषय निवडायची मोकळीक असेल तर कॉन्जुगेशनच (एका जंतूने दुसऱ्याला प्लाझ्मिड देणं) करा, हा माझा आग्रह आहे. रेझिस्टंट क्लेब्सिएला हा दाता आणि सोडियम अझाइडला दाद न देणारा ई. कोलाय जे-५३ हा ग्राहक. दोघांना रात्रभर एकत्र ठेवायचं आणि सकाळी अझाइड आणि सेफोटॅक्सिम हे अँटिबायोटिक दोन्ही घातलेल्या प्लेटवर पसरायचं. दाता अझाइडने मरतो, ग्राहक सेफोटॅक्सिमने. जे उगवतं त्याने रात्रीत जनुक घेतलेलं असतं. पण दाता एकटा आणि ग्राहक एकटा, अशा दोन प्लेटा सोबत लावायलाच हव्यात. माझी ग्राहकाची प्लेट पहिल्या खेपेला भरून उगवली होती. अगार फार गरम असतानाच मी औषध ओतलं होतं, ते उष्णतेने निकामी झालं. आठवडा गेला, पण कंट्रोल कशासाठी असतो ते कायमचं समजलं. आणि अझाइड विषारी असतं. हातमोजे घालूनच तोला आणि सिंकमध्ये मुळीच ओतू नका, पाइपातल्या तांब्या-शिशाशी संयोग होऊन त्याचे स्फोटक क्षार बनतात.

आमच्या त्या दोन जंतूंवर मॅडमनी कार्बापेनेमेझची (मेरोपेनेमच्या गटातली औषधं फोडणारं एन्झाइम) टेस्ट लावायला शिकवली. ब्रॉथमध्ये जंतू कालवून त्यात मेरोपेनेमची डिस्क चार तास ठेवायची, मग ती काढून एटीसीसी २५९२२ या ठरावीक सेन्सिटिव्ह ई. कोलायच्या लॉनवर (प्लेटभर सारख्या पसरलेल्या थरावर) ठेवायची. जंतूने औषध फोडलं असेल तर दुसऱ्या दिवशी डिस्कभोवती झोन दिसत नाही. सोबत ईडीटीए घातलेली दुसरी नळी लावतात. एनडीएमसारख्या एन्झाइमला काम करायला झिंक लागतं आणि ईडीटीए ते झिंक काढून घेतं, म्हणून त्या नळीतल्या डिस्कचा झोन परत येतो. आमच्याकडे दोन्ही जंतूंत तो परत आला. जनुकाचं नेमकं नाव पीसीआर सांगतो, पण एवढ्या साध्या सामानात एन्झाइमचा प्रकार डोळ्यांनी दिसतो, याचं मला आजही अप्रूप वाटतं. एनडीएम अ‍ॅझ्ट्रिओनाम हे अँटिबायोटिक फोडू शकत नाही. मात्र त्याच जंतूत बहुधा सीटीएक्स-एमसारखं दुसरं एन्झाइम असतं, ते अ‍ॅझ्ट्रिओनामही संपवतं. म्हणून डॉक्टर अ‍ॅझ्ट्रिओनामच्या जोडीला, त्या दुसऱ्या एन्झाइमला अडवायला, सेफ्टाझिडिम-अ‍ॅव्हिबॅक्टम देतात. जनुक समजलं की औषधांची ही जोडी का दिली तेही समजतं.

आता माझी चूक सांगते, कारण ती पेशंटला भोवली. पायाच्या जखमेतून स्टॅफिलोकॉकस आला होता. एरिथ्रोमायसिन रेझिस्टंट, क्लिंडामायसिनचा झोन छान मोठा. मी सेन्सिटिव्ह लिहिलं. दोन्ही डिस्क शेजारी, १५ ते २६ मिलिमीटर अंतरावर ठेवायच्या असतात. मी घाईत त्या प्लेटच्या दोन टोकांना ठेवल्या होत्या. शेजारी असत्या तर क्लिंडामायसिनचा झोन एरिथ्रोमायसिनच्या बाजूने चपटा, इंग्रजी 'डी' अक्षरासारखा दिसला असता. जंतूत अर्म जनुक दडलेलं असतं, एरिथ्रोमायसिनने डिवचलं की ते जागं होतं आणि मग क्लिंडामायसिनही चालत नाही. जखम चिघळली, सर्जननी फोन केला, तेव्हा मी प्लेट पुन्हा लावली. चपटी कड बघून पोटात गोळा आला.

रुजू होण्याआधी हेपेटायटिस बी-ची लस पूर्ण करा. सीएलएसआय या मानकं ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेचे झोनचे तक्ते दर वर्षी बदलतात, जुन्या झेरॉक्सवर विसंबू नका. कोलिस्टिन हे अँटिबायोटिक डिस्कच्या झोनवरून तपासू नका, त्याला ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन (औषधाच्या कमी-जास्त प्रमाणांत जंतू वाढवून बघणं) लावा. आणि नमुना बघून घ्या. जतहून एसटीने तीन तास पिशवीत आलेली लघवी मी आता नम्रपणे परत करते. वीस मिनिटांत दुप्पट होणारा जंतू तीन तासांत पाचशेपटीहून जास्त होतो, मग इन्फेक्शन खरं किती, हे कसं ठरवणार?

एक काम कुणी सांगणार नाही, ते स्वतः मागून घ्या: वॉर्डात जा. मी गेले तेव्हा सिस्टरनी मला ते दोन बेड दाखवले. मधे हात धुवायचं एकच सिंक होतं. दोन्ही कॅथेटरच्या पिशव्या मावशी एकाच भांड्यात रिकाम्या करत होत्या, त्याच सिंकमध्ये ओतत होत्या. त्यांना कुणी कधी काही सांगितलंच नव्हतं. सिंकच्या जाळीवरून स्वॅब घेतला, तर त्यातही तोच मेरोपेनेमला दाद न देणारा क्लेब्सिएला. प्रत्येक पेशंटला वेगळं भांडं आलं, लघवी ओतायची जागा बदलली. भांडं रिकामं केल्यावर हात कसे धुवायचे, ते सिस्टरनी मावशींसोबत उभं राहून दाखवलं.

तेव्हापासून मी वॉर्डाप्रमाणे एक वही ठेवते. तारीख, बेड नंबर, नमुना, जंतू आणि पुढे प्रत्येक डिस्कचा झोन मिलिमीटरमध्ये. नुसतं आर किंवा एस लिहीत नाही. शनिवारी दुपारी काम कमी असतं, तेव्हा जंतूच्या नावाच्या रकान्यावर पट्टी ठेवते आणि फक्त आकडे वाचत खाली जाते.