एचओ स्केलमध्ये बॉक्सएन: कोळशाचा डबा घरी कसा बांधावा आणि कसा सांभाळावा

चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, भुसावळजवळचं दीपनगर. या औष्णिक केंद्रांकडे कोळसा नेणारी, वरून उघडी, धुळीने माखलेली मालगाडी विदर्भ-खानदेशात फाटकावर ताटकळलेल्या प्रत्येकाने पाहिलेली असते. तिच्यातला बहुतेक डबा बॉक्सएन जातीचा किंवा त्याच्याच भाऊबंदांपैकी. मॉडेल रेल्वेत इंजिनाचं कौतुक फार होतं आणि मालडबे मागे काहीतरी हवं म्हणून जोडले जातात. पण अचूकपणाची खरी परीक्षा डब्यातच होते. इंजिन एक असतं, डबे दहा-बारा असतात आणि ते एकामागून एक डोळ्यांसमोरून जातात. एकाची उंची चुकली तरी लगेच खटकते.

आधी एक निर्णय घ्यायचा आहे, तोही पत्रा कापण्याआधी. एचओ म्हणजे 1:87 हे प्रमाण, आणि त्याचा रूळ 16.5 मि.मी. रुंद. तो जगातल्या प्रमाणित गेजला, म्हणजे 1435 मि.मी.ला, बरोबर बसतो. आपला ब्रॉडगेज 1676 मि.मी.चा. 87ने भागला तर 19.3 येतो. म्हणजे बाजारात मिळणाऱ्या रुळावर आपला डबा चालवायचा तर चाकं दोन्ही बाजूंनी जवळपास 1.4 मि.मी. आत सरकतात. काही जण रूळच स्वतः 19.3 मि.मी.चा घालतात. त्यांना माझा नमस्कार, पण मग सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते ती जागा), इंजिनाचे अ‍ॅक्सल, सगळंच हाताने करावं लागतं. माझं मत सरळ आहे: रूळ 16.5चा ठेवा, डब्याची बाकी सगळी मापं काटेकोर 1:87 ठेवा. ही तडजोड फक्त समोरून, रुळाच्या पातळीवरून पाहिलं तर दिसते. उलट काही जण डबाच लहान करून रुळाला जुळवतात. त्यात मात्र सगळंच बिघडतं आणि तो डबा दुसऱ्या कुणाच्या गाडीला जोडता येत नाही.

मापं आणि फोटो

बॉक्सएनचा आराखडा लखनौच्या आरडीएसओचा, म्हणजे रेल्वेच्या संशोधन आणि आराखडा संस्थेचा. मूळ मापं आणि 87ने भागून येणारी मापं अशी: डब्याची लांबी 9784 मि.मी. (मॉडेलमध्ये 112.5), कपलरपासून (डबे एकमेकांना जोडणाऱ्या आकड्यापासून) कपलरपर्यंत 10713 (123), आतली रुंदी 2950 (33.9), बाहेरची रुंदी 3200 (36.8), आतली खोली 1950 (22.4), रुळापासून माथ्यापर्यंत 3225 (37), दोन बोगींच्या मध्यांतलं अंतर 6524 (75). बोगी म्हणजे इथे प्रवासी डबा नव्हे, डब्याखालचा चार चाकांचा सांगाडा.

आतल्या आणि बाहेरच्या रुंदीतला फरक नीट पाहा. प्रत्येक बाजूला जेमतेम 1.45 मि.मी. उरतात. पत्रा आणि त्यावरचे उभे खांब मिळून एवढ्यातच बसवायचे आहेत. म्हणून बाजूंसाठी 0.5 मि.मी. जाडीची स्टायरीन (प्लॅस्टिक) शीट घ्या, 1 मि.मी.ची नको.

यानंतर एकच डबा निवडा. ‘बॉक्सएन’ नुसतं म्हणून भागत नाही. मूळ बॉक्सएन, दुरुस्त केलेला बॉक्सएनआर, वेगवान बोगीचा बॉक्सएनएचएस, स्टेनलेस स्टीलचा बॉक्सएनएचएल. शेवटचा तर 250 मि.मी.ने लांबच आहे, मॉडेलमध्ये 3 मि.मी.चा फरक. प्लॅटफॉर्मवरून किंवा पादचारी पुलावरून एका विशिष्ट डब्याचे फोटो काढा: पूर्ण बाजू, टोक, बोगी, नंबर आणि पुलावरून आतला भाग. रुळात उतरायची काही गरज नाही. उभे खांब किती, दारं कुठे, ब्रेकचं चाक कुठल्या बाजूला, हे सगळं त्या फोटोतून मोजायचं. दुसऱ्या कुणाच्या मॉडेलवरून मॉडेल करू नका, त्याच्या चुका आपल्या घरी येतात.

पेटी बांधणं

तळासाठी 1 मि.मी. जाडीची 112.5 × 33.9ची पट्टी कापा. टोकाच्या दोन भिंती 33.9 रुंद, 23.4 उंच. बाजूच्या दोन भिंती 113.5 लांब, म्हणजे टोकाच्या भिंतींची जाडी त्यांच्यात झाकली जाते. उंची तीच, 23.4. यातला 1 मि.मी. तळाच्या जाडीचा. दोन्ही बाजू एकावर एक ठेवून, चिकटपट्टीने बांधून एकदमच तासा. वेगवेगळ्या कापल्या तर अर्ध्या मिलिमीटरचा फरक हमखास राहतो आणि डबा तिरका उभा राहतो.

आता एक मजेची गोष्ट. वीज केंद्रात हे डबे टिपलरवर अख्खेच्या अख्खे उलटे केले जातात आणि भरताना वरून टनावारी कोळसा आदळतो. त्यामुळे जुन्या बॉक्सएनचा पत्रा दोन खांबांच्या मध्ये बाहेर फुगलेला असतो. सपाट बाजूंचा डबा नुकताच कारखान्यातून आल्यासारखा दिसतो. हा फुगवटा खांब चिकटवण्याआधीच आणायचा. शीटवर पेन्सिलीने खांबांच्या रेघा आखा, शीट जुन्या माउसपॅडवर पालथी ठेवा, आणि दोन रेघांमधला भाग चमच्याच्या मागच्या बाजूने हळूहळू घासत दाबा. मध्ये जास्त, रेघेजवळ कमी. प्रत्येक खण सारखा फुगवू नका. एखादा जास्त, एखादा जवळजवळ सपाट, खऱ्या डब्यात असतात तसे. खोलगटपणा 0.3 मि.मी.च्या पुढे गेला की डबा फुगलेला न वाटता चेपलेला वाटू लागतो.

खांब पट्टीचे, 1 मि.मी.च्या आतबाहेर जाडीचे. त्यांना टामियाच्या एक्स्ट्रा थिनसारखा प्लॅस्टिक चिकटवणारा पातळ द्राव लावा. पट्टी जागेवर धरून ब्रश नुसता कडेला टेकवायचा, द्राव आपोआप आत ओढला जातो. खिडकी उघडी ठेवा. द्राव जास्त झाला की 0.5ची शीट दोन दिवसांनी आत वाकते, म्हणून पेटी जोडल्यावर आत 33.9 मि.मी. रुंदीचा लाकडी ठोकळा घालून ठेवा आणि पूर्ण वाळल्यावरच काढा. बॉक्सएनची बॉडी वेल्डिंगची आहे, त्यामुळे रिव्हेट ठोकत बसायची गरज नाही. माथ्यावरची पट्टी मात्र सरळ हवी. डोळा सगळ्यात आधी तिथेच जातो.

बोगी, चाकं, कपलर

बॉक्सएनखाली कॅसनब बोगी असते: दोन ओतीव बाजू आणि मधला आडवा बोल्स्टर, स्प्रिंगा उघड्यावर. अमेरिकन मॉडेलच्या बोगी याच धाटणीच्या असतात म्हणून लोक त्याच लावतात, पण कॅसनबच्या दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर 2000 मि.मी. आहे, म्हणजे मॉडेलमध्ये 23. अमेरिकन 100 टनी बोगीत ते 20.4 भरतं. अडीच मिलिमीटर कमी पडले की डबा आखूड पायांचा दिसतो. थ्रीडी प्रिंटवर बाजू काढून घेणं हाच आज बरा उपाय.

चाकाच्या बाबतीत नशीब आपल्या बाजूने आहे. बॉक्सएनचं नवं चाक 1000 मि.मी.चं, आणि झिजत झिजत 906वर आलं की ते बाद होतं. बाजारात मिळणारं अमेरिकन 36 इंची चाक एचओमध्ये 10.5 मि.मी.चं असतं, म्हणजे आपल्या हिशोबाने 914. झिजून निवृत्तीला आलेलं चाक म्हणून ते पूर्णपणे खरं आहे. धातूचंच घ्या. दोन चाकांच्या आतल्या अंगांमधलं अंतर सुमारे 14.4 मि.मी. आहे ना, हे कॅलिपरने तपासा. सांध्यावर घसरणारे कितीतरी डबे याच एका कारणाने घसरतात.

बॉक्सएनला बाजूचे बफर नाहीत, मधला सीबीसी (सेंटर बफर कपलर) आहे, अमेरिकन ‘ई’ जातीच्या कुळातला. त्यामुळे केडी कंपनीचा लहान डोक्याचा कपलर (158 क्रमांक) दिसायला छान जमतो. अडचण उंचीची. आपल्याकडे रिकाम्या डब्याचा कपलर रुळापासून जास्तीत जास्त 1105 मि.मी. असतो, म्हणजे मॉडेलमध्ये 12.7. एचओचा प्रचलित मान मात्र 9.9. तुमची अख्खी गाडी भारतीय असेल तर 12.7 ठेवा. मित्रांच्या लेआउटवर डबे न्यायचे असतील तर 9.9 पाळा आणि खोबणीचा खालचा भाग काळ्या रंगात दडवा. काहीही ठरवा, पण सगळ्या डब्यांना एकच.

बोगी बसवताना एका बोगीचा स्क्रू इतका आवळा की ती फक्त फिरेल, डुलणार नाही. दुसरीचा थोडा ढिला सोडा. त्यामुळे डबा तीन टेकूंवर राहतो आणि वाकड्यातिकड्या रुळावरही आठही चाकं टेकतात. मग एक मीटर रुळाचं टोक 2 सें.मी. उचला. डबा आपणहून घरंगळला पाहिजे.

वजन

अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेची, एनएमआरएची, शिफारस अशी: 28 ग्रॅम, अधिक लांबीच्या दर सेंटिमीटरला 5.6 ग्रॅम. आपल्या डब्याला ते 90 ग्रॅमच्या आसपास येतं. बंद डब्यात वजन कुठेही लपतं, उघड्या डब्यात लपवायचं कुठे? भरलेल्या डब्यात सोपं आहे, कोळशाखाली. रिकाम्यासाठी तळाखालच्या मधल्या तुळईच्या पोकळीत जेवढं मावेल तेवढं घाला आणि सगळे रिकामे डबे एकाच वजनाचे ठेवा. टायरवाल्याकडे चाक बॅलन्स करायची 5-10 ग्रॅमची चिकट वजनं मिळतात, ती इथे फार कामाची.

कोळसा खराच वापरा. दगडी कोळशाचा तुकडा कापडात गुंडाळून फोडा, चहाच्या गाळणीने चाळा, 2-3 मि.मी.च्या वरचं काढून टाका. लाकडी कोळसा नको, त्याला चमक नसते. फोमचा उंचवटा कापून त्यावर पाणी घातलेल्या फेव्हिकॉलने कोळसा बसवा. त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब टाकला की मिश्रण नीट भिजतं. लोडरने भरलेल्या डब्यात दोन-तीन ढीग दिसतात, सायलोखाली (कोळसा साठवायच्या उंच कोठीखाली) भरलेल्यात एकच लांब पाठ. फोममध्ये लोखंडी वॉशर पुरून ठेवा, म्हणजे चुंबकाने भार अलगद उचलता येतो.

रंग आणि नंबर

साबणाने धुऊन, वाळवून, आधी करडा प्रायमर मारा. मग तांबूस तपकिरी, पण डबीतल्यापेक्षा थोडा फिकट, कारण लहान वस्तूवर गडद रंग आणखी गडद वाटतो. हार्डवेअरच्या दुकानातला रेड ऑक्साइड वापरू नका. त्याचे कण मोठे आणि थर जाड, खांबांच्या कडा बुडून जातात.

नंबर मनाने लिहू नका. डब्याच्या अकरा आकड्यांत पहिले दोन डब्याचा प्रकार सांगतात (उघड्या डब्यांसाठी 10 ते 29), पुढचे दोन मालक रेल्वे (मध्य रेल्वेला 01), पुढचे दोन बांधणीचं वर्ष, मग चार आकडी क्रमांक, आणि शेवटचा आकडा पडताळणीचा. तो असा काढतात: सम स्थानांवरच्या आकड्यांची बेरीज तिपटीने घ्या, विषम स्थानांवरच्यांची बेरीज तीत मिळवा, आणि पुढच्या दहाच्या पटीला किती कमी पडतात ते पाहा. उदाहरणादाखल 1001952346 घेऊ. सम स्थानांवर 0, 1, 5, 3, 6, बेरीज 15, तिप्पट 45. विषम स्थानांवर 1, 0, 9, 2, 4, म्हणजे 16. एकूण 61, सत्तरला 9 कमी. शेवटचा आकडा 9. एकाच फोटोवरून दहा डबे नंबरायचे असतील तेव्हा हा हिशोब उपयोगी पडतो. जाणकार माणूस तुमचा नंबर खरंच तपासतो!

पांढरी अक्षरं ही घरच्या प्रिंटरची मर्यादा आहे, तो पांढरा छापतच नाही. लग्नपत्रिकांचं स्क्रीन प्रिंटिंग करणाऱ्याला डेकल पेपर (ओला करून छाप वस्तूवर उतरवायचा कागद) देऊन विचारा. डेकल लावण्याआधी चकचकीत वॉर्निश, नंतर मॅट. पीओएचची (ठरावीक मुदतीने होणाऱ्या मोठ्या दुरुस्तीची) तारीख आणि कार्यशाळेची खूण (रायपूर, कोटा) बहुधा नव्या रंगाच्या छोट्या चौकोनावर असते. तो चौकोन बाकी डब्यापेक्षा स्वच्छ ठेवा, एवढ्याने डबा एकदम जिवंत होतो. बाकी मळवणं सॉफ्ट पेस्टलच्या पुडीने: आत काळं आणि घासल्यामुळे मधूनच गंजकट, खाली मातकट, कपलरजवळ काळपट. चाकाचा रुळाला टेकणारा भाग मात्र चकचकीतच.

देखभाल

चाकांवर साचणारा काळा थर काढायला रुळावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओला केलेला टिश्यू पसरा आणि डबा त्यावरून मागेपुढे ढकला. काळे पट्टे उमटायचे थांबले की झालं. कपलरला तेल कधीही नको, धूळ धरून तो आखडतो. ग्रॅफाइटची पूड पुरते. कपलरची उंची ती मोजायच्या गेजने अधूनमधून पाहा, कारण बोगीचा स्क्रू ढिला झाला की तीही उतरते.

आपला मोठा शत्रू पावसाळा. लोखंडी वजनं गंजतात, फेव्हिकॉलमधल्या कोळशावर पांढरी बुरशी धरते. भार वेगळा काढून ठेवा, डब्याच्या खोक्यात सिलिका जेल टाका. फोममध्ये थेट डबा खुपसू नका, काही फोम रंगाला चिकटतात. मध्ये बटर पेपर घाला. उन्हाच्या खिडकीजवळ स्टायरीन वाकतं. प्रत्येक डब्याचं एक कार्ड करा: नंबर, वजन, चाकांमधलं अंतर, कपलरची उंची, शेवटची साफसफाई. खऱ्या रेकमध्ये (एका अख्ख्या मालगाडीत) 58 बॉक्सएन असतात, मॉडेलमध्ये ते सात मीटरच्या वर जातात. एवढे डबे कुणाच्या घरात मावत नाहीत, पण बारा डबे झाले तरी कुठला डबा कुठल्या सांध्यावर उतरतो हे लक्षात राहत नाही. ते कार्डावर लिहिलेलं असलं की सांधा दुरुस्त करायचा की डबा, हे दोन मिनिटांत कळतं.