पारिजातक लावण्यापूर्वी: आधी मुळे पाहावीत

पारिजातक पावसाळ्याच्या सुरुवातीला लावायचा असेल, तर जागा उन्हाळ्यातच ठरवावी. तिथे निदान अर्धा दिवस ऊन असावे, भिंतीपासून 8 ते 10 फूट अंतर राहावे आणि पहाटे गळणारी फुले वेचता येतील इतकी मोकळी जमीन खाली असावी. खड्डा 2 फूट लांब, रुंद व खोल घ्यावा आणि त्यात बादलीभर पाणी ओतून पाहावे. दुसऱ्या दिवशीही ते साचलेले दिसले तर ती जागा सोडावी, कारण मुळाशी पाणी तुंबलेले या झाडाला मुळीच सोसत नाही. खत म्हणून कुजलेले शेणखत पुरे.

आता मुळे. मागच्या वेळी मी रोपवाटिकेतील सर्वांत उंच रोप निवडले, पिशवी फाडली आणि मातीचा गोळा जसाच्या तसा खड्ड्यात बसवला. तिसऱ्या वर्षी पाने पिवळी पडली, एका वादळात झाड कलले आणि उपटून पाहिले तेव्हा मुळे अजून पिशवीच्याच आकारात गोल फिरलेली होती. अंगठ्याएवढे एक मूळ तर बुंध्याला फासासारखे आवळून बसले होते. तीन वर्षांची निगा वाया गेली, त्याचे दुःख अजून आहे. म्हणून रोप लहान आणि कोवळे घ्यावे, पिशवीच्या तळातून जाड मुळे बाहेर आलेली असतील तर ते नाकारावे आणि धारदार पाते खड्ड्याजवळ आधीच आणून ठेवावे. गोल फिरलेली बारीक मुळे बोटांनी मोकळी करावीत. सुटत नसतील तर गोळ्याच्या कडेला तीन-चार ठिकाणी उभे काप द्यावेत. पुढे ती आपोआप सरळ होतील या भरवशावर राहू नये, होत नाहीत. मुळे कापायला हात धजावत नाही, तरीही कापावीत.

माती लोटण्याआधी मुळे पुन्हा एकदा पाहावीत आणि पहिली मुळे फुटतात तो भाग जमिनीच्या पातळीवर ठेवावा, बुंधा मातीत गाडू नये. आधाराची काठी सैल बांधावी, पाचोळा खोडाला न टेकवता पसरावा, पहिले दोन उन्हाळे पाणी चुकवू नये. झाडावर केसाळ सुरवंट दिसले तर त्यांना हात लावू नये. छाटणी फुलोरा ओसरल्यावर.