पिकअपच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल कसं तपासावं

इंजिन ऑइल बघायची सवय सगळ्यांना असते. सकाळी गाडी थंड असताना बॉनेट उघडायचं, डिपस्टिक म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी काढायची, पुसायची, बघायची. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला नेमकी हीच सवय नडते. डिपस्टिक असलेल्या बहुतेक पिकअपमध्ये हे ऑइल इंजिन चालू ठेवून आणि पुरेसं तापल्यावरच बघायचं असतं. इंजिन बंद असेल तर टॉर्क कन्व्हर्टरमधलं (इंजिनची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या भागातलं) ऑइल हळूहळू खालच्या पॅनमध्ये उतरतं, डिपस्टिक भरपूर दाखवते आणि आपण निर्धास्त होतो. इंजिन चालू पण ऑइल थंड असेल तर उलटं होतं. पातळी कमी दिसते, माणूस वरून ओततो आणि तेच ऑइल तापून फुगलं की प्रमाणाबाहेर जातं.

उदाहरणाला 2004 ची शेव्हरोले सिल्व्हराडो 1500 घेऊ, 4एल60ई या चार गिअरच्या बॉक्सची. अमेरिकेत जुनी पिकअप शोधणाऱ्यांच्या वाट्याला ही किंवा हिची जुळी बहीण जीएमसी सिएरा हमखास येते. शिवाय हिला डिपस्टिक आहे, ही नव्या गाड्यांत दुर्मीळ झालेली सोय.

आधी गाडी फिरवून आणा

ऑइल साधारण 82 ते 93 अंश सेल्सिअसला असताना घेतलेलं मापच धरायचं. बाहेर 10 अंशांपेक्षा जास्त असेल तर 15 मैल, म्हणजे 24 किलोमीटर चालवलं की काम होतं. थंडी असेल तर जास्त. जागेवर इंजिन चालू ठेवून डॅशबोर्डचा काटा वर आला म्हणजे गिअरबॉक्स तापला असं नाही, तो काटा कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा.

ट्रेलर ओढून आला असाल, कडक उन्हात हायवेवर बराच वेळ पळवली असेल किंवा उन्हाळ्याच्या ट्रॅफिकमध्ये रखडला असाल, तर मात्र किमान अर्धा तास थांबा. ऑइल तेव्हा गरजेपेक्षा जास्त तापलेलं असतं आणि पातळी चढी दाखवतं.

जागा सपाट हवी. घरासमोरचा ड्राइव्हवे पाणी वाहून जावं म्हणून मुद्दाम उतरता केलेला असतो, त्याच्यावर विसंबू नका. गॅरेजमध्ये बघणार असाल तर दार पूर्ण उघडं ठेवा; बंद गॅरेजमध्ये चालू इंजिन म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे जिवाशी खेळ.

गिअर फिरवा, मग हात घाला

पार्किंग ब्रेक लावा, पायाचा ब्रेकही दाबून धरा. इंजिन चालूच. आता लिव्हर पार्कमधून रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्ह आणि खालचे गिअर असं एकेक करत फिरवा, प्रत्येक ठिकाणी तीनेक सेकंद थांबा, आणि परत पार्कमध्ये आणा. त्यामुळे आतल्या सगळ्या वाटांमध्ये ऑइल भरतं. मग तीन ते पाच मिनिटं इंजिन तसंच चालू राहू द्या.

बॉनेट उघडण्याआधी सैल बाह्या दुमडा, ओढणी, गळ्यातली चेन काढून ठेवा. इंजिनचा पट्टा फिरत असतो आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनमधला धूर बाहेर नेणारा नळ, चांगलाच पोळतो.

गिअरबॉक्सची डिपस्टिक प्रवाशाच्या बाजूला, इंजिनच्या मागे, फायरवॉलजवळ (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याजवळ) असते. तिची मूठ वर उचलली की ती सुटते. पट्टी लांबलचक आहे आणि वाकड्या नळीतून बाहेर येते, त्यामुळे नळीच्या भिंतीवरचं ऑइल तिला माखतं. पहिल्यांदा काढल्यावर जे दिसेल ते विसरा. धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसा, पूर्ण आत ढकला, तीन सेकंद थांबा, पुन्हा काढा. आता दोन्ही बाजू बघा. एका बाजूला ऑइल वरपर्यंत ओघळलेलं आणि दुसऱ्या बाजूला खाली असं बऱ्याचदा दिसतं. दोन्हींतली खालची पातळी खरी. ती डिपस्टिकवरच्या आडव्या-तिडव्या रेघांच्या, गरम ऑइलसाठीच्या खुणेत असली की झालं. ताजं ऑइल इतकं पारदर्शक असतं की चकचकीत पट्टीवर त्याची कड सापडत नाही. पट्टी तिरकी धरून उजेडात फिरवा, ओला भाग चमकतो. शंका आली तर पुसून परत.

पातळीइतकाच रंगही महत्त्वाचा

फडक्यावर पडलेला डाग नीट बघा. लालसर म्हणजे ठीक. थोडं तपकिरी झालं असेल तर ऑइल जुनं झालंय, बदलायचं मनावर घ्या. काळपट आणि करपल्याचा वास येत असेल तर आतले क्लच जळताहेत. मी रंगापेक्षा या वासावर जास्त भरवसा ठेवीन. आणि स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं गुलाबी, दुधाळ दिसलं तर गाडी बंद करा, टो करूनच न्या. गिअरबॉक्सचं ऑइल थंड करणारा कूलर बहुतेक पिकअपमध्ये रेडिएटरच्या पोटातच असतो. तो आतून फुटला की कूलंट ऑइलमध्ये मिसळतं. 2005 ते 2010 मधल्या निसान फ्रंटियर या दुखण्यासाठी कुप्रसिद्ध आहेत.

कमी असेल तर

ओतायचं त्याच नळीतून, लांब तोंडाच्या नरसाळ्याने. बेताने ओता, मॅनिफोल्डवर सांडलं तर धूर होतो, पेटूही शकतं. थोडंसं कमी असेल तर अर्ध्या लिटरपेक्षाही कमी पुरतं, लिटरची बाटली रिकामी करायची घाई नको. कपभर ओता, गिअर फिरवा, पुन्हा बघा. जास्त झालं तर फिरणारे भाग ऑइल घुसळून फेस करतात, फेसाळ ऑइलला दाब धरवत नाही, क्लच घसरतात. कमी ऑइलमुळे पंप हवा ओढतो आणि परिणाम तोच होतो. म्हणून जास्त झालेलं ऑइल पंपाने उपसून काढा, ‘राहू दे थोडं’ म्हणू नका.

या गाडीच्या जुन्या पुस्तिकेत डेक्स्रॉन 3 हा ऑइलचा प्रकार लिहिलेला असेल. त्याचे परवाने जनरल मोटर्सने 2006 च्या अखेरीस थांबवले. त्याच्या जागी आता डेक्स्रॉन 6 चालतं. फोर्डचं मर्कॉन किंवा डॉजचं एटीएफ+4 यात घालू नका.

इंजिन थोडंफार ऑइल जाळतं, गिअरबॉक्स जाळत नाही. पातळी खाली गेली याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा सरकवून ठेवा. डाग पॅनच्या खाली, कूलरच्या नळ्यांखाली की मागे ड्राइव्हशाफ्टपाशी (मागच्या चाकांकडे जाणाऱ्या फिरत्या दांड्यापाशी) पडलाय, त्यावरून मेकॅनिकचं निम्मं काम होतं.

गाडी दुसरी असेल तर

जुन्या डॉज रॅममधले 46आरई, 47आरई, 48आरई हे बॉक्स पार्कमध्ये नव्हे, न्यूट्रलमध्ये तपासायचे, कारण पार्कमध्ये त्यांच्या टॉर्क कन्व्हर्टरकडे ऑइल जात नाही. तेव्हा पार्किंग ब्रेक धड असायलाच हवा, चाकांना अडणी लावा. होंडा रिजलाइनच्या पहिल्या पिढीत उलट इंजिन बंद करून लगेच, दीडेक मिनिटाच्या आत बघतात.

2005 नंतरच्या व्ही6 टोयोटा टॅकोमाला वरून डिपस्टिकच नाही. ठराविक तापमानाला खालचा बूच काढून ऑइल बारीक धारेने गळतं का हे बघतात. सहा गिअरच्या फोर्ड एफ-150 मध्ये छोटी डिपस्टिक आहे, पण ती गिअरबॉक्सच्याच अंगावर, गरम एक्झॉस्टशेजारी बुचाखाली. ही दोन्ही कामं चालू गाडीखाली शिरून करायची असतात, तेव्हा लिफ्ट असलेल्या गॅरेजवर सोपवा. महाराष्ट्रात कुणाकडे ऑटोमॅटिक हायलक्स असेल तर तिचंही तेच, बॉनेटखाली गिअरबॉक्सची डिपस्टिक शोधत बसू नका.