घरकुल पाहिजे? फॉर्मच्या आधी जागेचा कागद बघा

आमच्या वस्तीत सारखं कोणतरी विचारतं, घरकुलाचा फॉर्म कुठं मिळतो ओ. फॉर्म मिळतोय, पण जागा कुणाच्या नावावर हाय ते आधी बघा, गाडी तिथंच अडकते. सासऱ्यांच्या नावावर असते, ते जाऊन वर्षं झालेली असतात आणि वारसनोंद कुणी केलेलीच नसते. ती करून घ्या, शहरात प्रॉपर्टी कार्डाला, गावात ग्रामपंचायतीच्या नमुना आठ उताऱ्याला.

जागा नावावर असली की शहरात प्रधानमंत्री आवास 2.0 मधून घर बांधायला अडीच लाख मिळतात, दीड लाख केंद्राचे, एक राज्याचा. वर्षाचं उत्पन्न 3 लाखांच्या आत पाहिजे आणि देशात कुठंच पक्कं घर नको. गावाकडं प्रधानमंत्री आवास ग्रामीणमधून 1 लाख 20 हजार, वर रोजगार हमीची 90 दिवसांची मजुरी.

सरकारी जागेवर राहत असाल तर एकट्यानं हेलपाटे घालू नका. वस्तीतल्या बायका एकत्र करा आणि एखादी संस्था गाठा. सांगली-मिरजेत पुण्याच्या शेल्टर असोसिएट्सनं असं काम केलंय, घरोघरी जाऊन मोजणी, वस्तीचा नकाशा, लोकांना विचारून घराचा प्लॅन. संस्था पैसे वाटत नाही, ती कागद नीट लावते आणि ऑफिसात तुमच्यासोबत उभी राहते, माझ्या मते तेच जास्त मोलाचं. संस्थेचं नाव सांगून कुणी रोख मागितली तर अजिबात देऊ नका.

नावाचं स्पेलिंग आधार, पासबुक, उतारा सगळीकडं एकच पाहिजे. आमच्या आईच्या पासबुकात एक अक्षर जास्त होतं, तेवढ्यावरनं पहिला हप्ता दोन महिने लटकला आणि तवर खोदलेल्या पायात पावसाचं पाणी साठलं. हप्ते काम होईल तसे, फोटो काढून नेल्यावर पडतात, म्हणून जोत्यापर्यंतचा खर्च हाताशी ठेवा, कमी पडला तर बचत गटातनं उचला, सावकाराकडं जाऊ नका.

नदीकडंला असाल तर महापालिकेत जाऊन पूररेषेचा नकाशा बघाच, त्यातल्या निळ्या रेषेच्या आत, म्हणजे नदीच्या बाजूला, बांधायची परवानगी मिळत नाही. 2019 च्या पुरात सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलेलं. तुमच्या गल्लीत ते कुठवर आलेलं ते शेजाऱ्यांना विचारा, मिस्त्रीला भिंतीवर खूण करायला लावा आणि कागदांच्या पेटीची फळी त्या खुणेच्या वरच ठोका.