ओमालिझुमॅब सुरू करायच्या आधी खर्चाचा हिशोब कसा मांडायचा

अस्थमासाठी डॉक्टरांनी बायोलॉजिक (जिवंत पेशींपासून बनवलेलं, इंजेक्शनने द्यायचं औषध) हा शब्द काढला की घरातला पहिला प्रश्न ठरलेला, एक इंजेक्शन कितीला? ताईच्या वेळी मीही हेच विचारलं होतं. आता तीन वर्षं तिची फाइल मीच सांभाळतोय आणि एवढं नक्की सांगतो की नुसत्या एका इंजेक्शनच्या किमतीवरून काहीच कळत नाही. व्हायल, म्हणजे औषधाच्या छोट्या बाटल्या, किती लागणार, किती आठवड्यांनी लागणार आणि फरक पडला की नाही हे कधी बघायचं, हे आधी विचारा.

औषध काय करतं ते थोडक्यात. ओमालिझुमॅब, ब्रँडचं नाव झोलेअर, अमेरिकेत 2003 ला मंजूर झालं, अस्थमासाठीची ही पहिली अँटीबॉडी. ऍलर्जीवाल्यांच्या रक्तात आयजीई नावाचं प्रथिन असतं, ते मास्ट पेशींवर, म्हणजे ऍलर्जीची रसायनं भरलेल्या पेशींवर, जाऊन बसतं, मग डस्ट माइट, मांजर, झुरळ, बुरशी काहीही समोर आलं की त्या पेशी फुटतात आणि छाती भरते. ओमालिझुमॅब या मोकळ्या आयजीईला पेशीपर्यंत पोचायच्या आधीच धरून ठेवतं. पण आत्ता दम लागलाय आणि इंजेक्शन घेऊ असं चालत नाही हां, त्यासाठी आपला लगेच आराम देणारा रिलिव्हर पंपच.

पहिलं काम, खरंच लागतंय का ते बघा. हे जवळजवळ फुकटात होतं आणि नेमकं हेच राहून जातं. ताई पंप दाबायची आणि मग श्वास घ्यायची, म्हणजे अर्धं औषध जिभेवर, अर्धं हवेत, आणि हे कितीतरी वर्षं चाललेलं, कोणी बघितलंच नव्हतं. नर्सने समोर बसवून स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून दहा मिनिटं शिकवलं. तिचा अस्थमा तेवढ्याने आटोक्यात आला नाही ही गोष्ट वेगळी, पण अनेकांचा येतो. पंप नीट, रोजच्या रोज, घरात सिगरेट नाही, सायनस आणि ऍसिडिटी बघून झाली, एवढं सगळं करूनही जास्त डोसच्या स्टिरॉइड पंपावर अटॅक येतच राहिले तर मग पुढचं बोला. शिवाय वर्षभर घरात असणाऱ्या कुठल्यातरी गोष्टीची ऍलर्जी स्किन टेस्टमध्ये किंवा रक्तात दिसायला हवी.

आता मुख्य हिशोब. या औषधाचा डोस ठरतो वजन आणि सुरुवातीच्या टोटल आयजीईवरून, आणि खर्चाचा सगळा खेळ इथेच आहे. अमेरिकेतला 12 वर्षांवरच्यांचा तक्ता धरला तर 65 किलोच्या माणसाचं आयजीई 90 असेल तर 150 मिलिग्रॅम दर 4 आठवड्यांनी, म्हणजे 150 ची एक व्हायल, वर्षाला 13. त्याच वजनाच्या दुसऱ्याचं आयजीई 350 आलं तर 225 मिलिग्रॅम दर 2 आठवड्यांनी. 225 म्हणजे दीड व्हायल, पण अर्धी व्हायल कोणी विकत नाही, दोन उघडायच्या आणि उरलेलं टाकून द्यायचं, वर्षाला 26 वेळा दोन म्हणजे 52. आजार एकच, वजन एकच, औषध शरीरात गेलं तिप्पट पण बिल चौपट. म्हणून 75 मिलिग्रॅमची भरलेली सिरिंज मिळते का हे जरूर विचारा, मिळाली तर 150 आणि 75 अशी जोडी लावता येते, वाया काही जात नाही. आणि वजन 69 की 71 यानेही कधी कधी डोस बदलतो, तेव्हा त्या दिवशीचं खरं वजन करून घ्या, जुन्या फाइलवरचं लिहू देऊ नका.

व्हायलच्या पैशात बाकीचंही मिळवा. पावडर असेल तर पाणी घालून हळूहळू फिरवत विरघळवतात, हलवायची नाही, फेस येतो, यातच वीसेक मिनिटं जातात. औषध मधासारखं घट्ट होतं. मग थांबणं, कारण क्वचित, हजारात एक-दोघांना, ऍनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी तीव्र ऍलर्जी, होऊ शकतो आणि तोही कधी कधी उशिरा. पहिल्या तीन वेळा साधारण 2 तास बसवून ठेवतात, नंतर अर्धा तास. म्हणजे सुट्टी, येणंजाणं, इंजेक्शन देण्याची फी, सोबतच्या माणसाचा दिवस. पहिले काही डोस काही त्रास न होता गेले तर भरलेली सिरिंज घरी स्वतः घ्यायची परवानगी डॉक्टर देऊ शकतात, तसं झालं तर हा भाग बराच हलका होतो. फक्त फ्रिजमध्ये 2 ते 8 डिग्री, फ्रीजरमध्ये नाही.

दुसऱ्या बाजूला मागच्या 12 महिन्यांचा खर्च लिहा. इमर्जन्सीच्या चकरा, ऍडमिशन, बुडालेले कामाचे दिवस, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तोंडाने घेतलेल्या स्टिरॉइडचे कोर्स. त्या गोळ्या स्वस्त वाटतात, पण शुगर, ठिसूळ हाडं, मोतीबिंदू, ही बिलं मागाहून येतात. सरकारी आरोग्यसेवेत कुठलं औषध द्यायचं ते ठरवणाऱ्या इंग्लंडच्या नाइस या संस्थेने 2013 मध्ये औषधाला हो म्हटलं ते अशांसाठी ज्यांना सतत किंवा वर्षात 4 वा जास्त वेळा या गोळ्या लागतात, आणि तेही कंपनी किमतीत सूट देतेय म्हणून. वर्षाला एखादाच अटॅक येणाऱ्याच्या बाबतीत वाचवायलाच फारसं काही नसतं, मग एवढं महाग औषध अंगावर का घ्यायचं असं माझं मत.

विम्याला फोन करून नुसतं कव्हर आहे का विचारू नका, हो म्हणतील आणि नंतर क्लेम अडकेल. भरती न होता घेतलेलं इंजेक्शन औषध म्हणून धरता की प्रोसिजर म्हणून, आधी मंजुरी लागते का, मंजुरी किती महिन्यांची, हे विचारा आणि उत्तर लेखी मागा. सोबत ऍलर्जीचा रिपोर्ट, आयजीई, वजन, स्पायरोमेट्री (फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी) आणि गोळ्यांच्या कोर्सच्या तारखा एकाच गठ्ठ्यात.

सुरू केल्यावर 16 आठवड्यांची तारीख कॅलेंडरवर टाका. फायदा होतोय की नाही हे साधारण तेव्हा ठरवतात, आणि नसेल तर बंद करायचं, अजून दोन-तीन घेऊन बघू यातच पैसे जातात. फायदा मोजायचा कसा? रात्री किती वेळा उठलो, रिलिव्हर किती पफ, गोळ्यांचा कोर्स लागला का, हे रोज वहीत. स्टिरॉइड पंप मात्र आपल्या मनाने कमी करायचा नाही.

आयजीई पुन्हा तपासून डोस ठरवायचा नाही, हे कुठेतरी मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. ताईचं पाचव्या महिन्यात एका दुसऱ्या ठिकाणी कोणीतरी केलं, आकडा आधीच्या कितीतरी पट, घरात रडारड, औषध उलटं पडलं म्हणून. खरं कारण असं की औषधाने पकडलेलं आयजीई रक्तातून हळू निघतं आणि टेस्ट तेही मोजते, बंद केल्यावरही वर्षभर आकडा चढलेला राहू शकतो. टेस्टचे पैसे गेलेच, दोन रात्रीची झोपही गेली.

बायोसिमिलरबद्दल, म्हणजे दुसऱ्या कंपनीने बनवलेल्या तशाच औषधाबद्दलही विचारा, युरोपने 2024 मध्ये आणि अमेरिकेने 2025 मध्ये ओमालिझुमॅबचं पहिलं बायोसिमिलर मंजूर केलंय. आणि रक्तात इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) जास्त असतील तर मेपोलिझुमॅब, बेनरालिझुमॅब, डुपिलुमॅब असे दुसरेही पर्याय आहेत, त्यांचे डोस आयजीईवर अवलंबून नसतात, त्यामुळे वरच्या 52 व्हायलवाल्याने तरी हा प्रश्न टाकावाच.

थांबवायचं कधी? साधारण 5 वर्षं घेतलेल्यांवर एक चाचणी झाली होती, काहींचं चालू ठेवलं, काहींचं बंद. पुढच्या वर्षात अटॅक न आलेले चालू ठेवणाऱ्यांत 67 टक्के, बंद करणाऱ्यांत 48 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे बंद करूनही जवळजवळ निम्मे ठीक राहिले. ताईच्या डॉक्टरांपुढे हाच प्रश्न घेऊन पुढच्या महिन्यात बसणार आहोत, वही सोबत आहेच.