‘जुनो’ची मराठी सबटायटल्स करायची तर आधी तू-तुम्ही ठरवा

पहिल्यांदा बघताना हातात पेन घेऊ नका. ‘जुनो’ हा इंग्रजी सिनेमा: १६ वर्षांची जुनो प्रेग्नंट होते आणि बाळ दत्तक द्यायचं ठरवते. सिनेमा जेमतेम ९६ मिनिटांचा आहे, पण त्यातली माणसं इतक्या झपाट्यानं बोलतात की आपण पाचव्या मिनिटाला घाबरून शब्दकोश उघडतो. मीही उघडला होता. हाती काही लागलं नाही, कारण जुनोचे अर्धे शब्द डिआब्लो कोडीनं तिच्यासाठीच घडवलेत. कोडीची ही पहिलीच पटकथा, आणि २००८ साली तिला मूळ पटकथेचं ऑस्कर मिळालं. खऱ्या १६ वर्षांच्या मुली असं कुठे बोलतात, असं म्हणणारेही भेटतात. नसतील बोलत. म्हणूनच आजच्या कॉलेजातली मराठी उचलून जुनोच्या तोंडी घालू नका, दोन वर्षांत ती शिळी होते. मी उलट केलं. तिला आजीच्या पिढीतले शब्द दिले: ‘आलिया भोगासी’, ‘इश्श’, ‘कर्म माझं’. पोरसवदा चेहऱ्यावर ते शब्द आले की हसू आपोआप येतं.

आता खरं काम. कागदावर सगळ्या पात्रांची नावं लिहा आणि कोण कोणाला तू म्हणतं, कोण तुम्ही, ते बाणांनी दाखवा. इंग्रजीला हा प्रश्नच पडत नाही. आपल्याला पहिल्याच वाक्यात नातं जाहीर करावं लागतं. बाळाचा बाप पॉली ब्लीकर, मैत्रीण लिया, बाबा: तू. सावत्र आई ब्रेन हिला जुनो नावानं हाक मारते. मी सुरुवातीला तिथे ‘आई’ घातलं होतं, ते खोडलं. जुनोची आई वेगळी आहे, लांब राहते आणि दरवर्षी एक निवडुंग पाठवते. ‘ब्रेन, तू’ असंच ठेवा. मराठी कानाला पहिल्यांदा खटकेल, खटकू द्या.

बाळ दत्तक घेणारं जोडपं म्हणजे व्हनेसा आणि मार्क. दोघांनाही तुम्ही. मी तसंच शेवटपर्यंत केलं आणि फाईल भाचीला दाखवली. ती म्हणाली, “मावशी, ही मार्कशी गिटार आणि भुताच्या सिनेमांवर एवढ्या गप्पा मारते, तरी तुम्ही?” बरोबर होतं तिचं. तिशी ओलांडलेला, लग्न झालेला माणूस १६ वर्षांच्या मुलीशी मित्रासारखा वागू लागतो, याची अस्वस्थता सिनेमाभर हळूहळू साचत जाते. मग मी तळघरातल्या गप्पांत जुनोच्या तोंडून एकदा ‘तू’ निसटू दिलं, आणि पुढे ते तसंच चालू ठेवलं. दोघं नाचतात, तो व्हनेसाला सोडणार असल्याचं सांगतो, त्या प्रसंगी मात्र जुनो पुन्हा ‘तुम्ही’वर येते: “तुम्ही असं नाही करू शकत.” मुलीनं दार लावून घेतल्याचं त्या एका शब्दात कळतं. मूळ संवादात ही सोय नाही.

बाळाच्या बाबतीतही मराठी आपल्या बाजूनं आहे. पोटातल्या जिवाबद्दल जुनो एखाद्या वस्तूबद्दल बोलावं तशी बोलते. हिंदीत करणाऱ्याला तिथे पुल्लिंग-स्त्रीलिंग निवडत बसावं लागतं. आपल्याकडे ‘ते’ आहे. जन्म होऊन व्हनेसाला मुलगा झाल्याचं कळेपर्यंत ‘ते’च ठेवा, आधी चुकूनही ‘तो’ नको. ‘दिवस गेलेत’ हेही टाळा, त्याला सासर-माहेरचा वास आहे. जुनो सरळ ‘प्रेग्नंट’ म्हणेल. ‘गरोदर’ डॉक्टरांकडे राहू दे.

विनोद करताना पडद्यावरचे हात बघा. सुरुवातीला दुकानात ती चाचणीची कांडी झटकते, तेव्हा दुकानदार तिला एका खेळण्याची आठवण करून देतो. त्या पाटीवर चित्र काढायचं आणि हलवलं की पुसलं जातं. मी हौसेनं लिहिलं, ‘ही पाटी नाही पुसायला’. पण मराठी पाटी ओल्या फडक्यानं पुसतात आणि ती तर झटकतेय! शेवटी खेळणंच काढून टाकलं: “कितीही झटक, हे चित्र पुसलं जायचं नाही.”

सगळ्यात जास्त वेळ गेला तो कर्णापायी. वकीलबाईंसमोर बैठक चालू आहे. जुनोला कागदपत्रांची दगदग नको, म्हणून ती सुचवते की जुन्या पद्धतीनं बाळ टोपलीत घालून पाठवून देते, बायबलमधल्या, लव्हाळ्यात सोडलेल्या मोशेसारखं. टोपली, पाणी, लग्नाआधीचं मूल: कुठल्या मराठी माणसाला कुंती आठवणार नाही? मी कर्ण लिहिला आणि दोन दिवस स्वतःवर खूश होते. मग लक्षात आलं, मिनेसोटातल्या मुलीला कर्ण कुठून माहीत असणार? शिवाय मोशेची गोष्ट ऐकून हसता येतं. कर्णाचं नाव निघालं की आपल्याला त्याची सगळी होरपळ आठवते आणि विनोद तिथेच मरतो. जड हातानं मोशेला परत आणलं. त्यावर मार्क म्हणतो की ही जुनी पद्धत नाही, हे तर बायबलच्या पहिल्या भागाइतकं जुनं झालं. इंग्रजीत ही कोटी ‘जुनं’ या एका शब्दावर आहे. मराठीत त्या भागाचं नावच ‘जुना करार’, आणि खोलीत वकीलबाई करारासाठीच बसल्यात. “ही जुनी पद्धत नाही, जुना करार झाला.” कर्णाला हट्टानं धरून बसले असते तर हे हाती लागलं नसतं.

ब्रेन सोनोग्राफी करणाऱ्या बाईला झापते, तो प्रसंग आवाज चढवून लिहू नका. ब्रेन नखांचं पार्लर चालवते. तिला स्वच्छ अहो-जाहो द्या: “तुम्ही तुमचं काम बघा, मी माझी नखं बघते.” अहो-जाहो जितकं शुद्ध, तितका फटका जोरात.

तांत्रिक बाबी थोडक्यात. ‘सबटायटल एडिट’ हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. फाईल साठवताना एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा, नाहीतर देवनागरी नीट दिसणार नाही. एका वेळी दोनच ओळी, ओळीला साधारण ४२ अक्षरं, आणि एक सबटायटल ७ सेकंदांपेक्षा जास्त रेंगाळू नये. बरीच सॉफ्टवेअर काना-वेलांट्याही वेगळ्या मोजतात, म्हणून आकड्यापेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवा. वाक्य बसत नसेल तर विशेषणं काढा, टोमणे नाही. गाण्यांना मी हात लावत नाही. शेवटी जुनो आणि पॉली पायरीवर बसून गिटारवर गातात, तेव्हा प्रेक्षकाची नजर खाली ओढायची नसते.

चिठ्ठी मात्र सोडू नका. मार्क सोडून जाणार हे कळल्यावर जुनो एका बिलाच्या मागे व्हनेसासाठी एक ओळ लिहिते, आणि पुढे ती बाळाच्या खोलीत चौकटीत लावलेली दिसते. भाची म्हणाली, आता तरी ‘तू’ कर. नाही केलं. “तुमची अजून तयारी असेल, तर माझीही आहे.” मार्कला एकदा मिळून गेलेला शब्द व्हनेसाला द्यायला माझं मन होईना.